आधी मुक्तिनाथ की आधी बेस कॅम्प?

पत्राचा सारांश (नाव आणि गाव विनंतीवरून वगळलं आहे): वय ४६, बँकेत नोकरी. गेली काही वर्षं सह्याद्रीत नियमित भटकंती. कॉलेजच्या वसतिगृहापासूनची जिवलग मैत्रीण आता दुसऱ्या शहरात असते, वर्षातून एक-दोनदा भेट होते. दोघींनी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, नेपाळला एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरवला आहे. एकूण रजा २१ दिवस. मैत्रिणीचं म्हणणं असं : "नेपाळला पुन्हा कोण जातंय गं? आधी पोखरा, मुक्तिनाथ, जमलं तर चितवन उरकू. सहा दिवसांत होतं. मग लुक्ला. मुक्तिनाथ उंचावर आहे, उंचीची सवय पण होऊन जाईल." मुक्तिनाथजवळच्या जोमसोमच्या विमानाचं भाडं मीच भरते, असंही ती म्हणते. पत्रलेखिकेला हे मनातून नको आहे. सहा महिने जिने चढून, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून तयारी केली, ती या धावपळीत वाया जाईल अशी भीती आहे. "पण नाही म्हटलं तर ती दुखावेल. मी स्वार्थी ठरते का? की गप्प बसून तिच्याबरोबर जावं?"

*

आधी रजेचं गणित मांडू. तुम्ही मैत्रीवर दोन पानं लिहिली आहेत आणि दिवसांवर जेमतेम एक ओळ.

२१ दिवसांतले जाण्या-येण्याचे दोन गेले, उरले १९. लुक्लाला, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या डोंगरातल्या विमानतळावर, उतरल्यापासून लुक्लाहून परत उडेपर्यंत, विश्रांतीचे दोन दिवस धरून, बेस कॅम्पला साधारण १२ दिवस लागतात. उरले सात. त्यातून मैत्रिणीचे सहा काढले की हातात एक. त्या एका दिवसात काठमांडूत डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्यानं घ्यायची, गाइडला भेटायचं, सॅक उलगडून पुन्हा भरायची. विमान रद्द झालं तर काय, याला या हिशेबात जागाच नाही. आणि लुक्लाचं विमान रद्द होतं. अवघ्या ५२७ मीटरची उतरती धावपट्टी, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की सगळं थांबतं, कधी सलग दोन-तीन दिवस. त्यात गर्दीच्या मोसमात लुक्लाची बरीचशी उड्डाणं काठमांडूहून न होता रामेछापजवळच्या मंथली विमानतळावरून होतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर निघायचं, चार-पाच तास घाटातून गाडीत हिंदकळायचं आणि उजाडता उजाडता रांगेत उभं राहायचं. आदल्या संध्याकाळी पोखराहून धूळ खात आलेल्या दोघींचा हा कार्यक्रम आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा तुमची शंका रास्त आहे. कारण मात्र तुम्ही दमण्याचं दिलंत, तिथं मी थोडी वेगळी आहे. सहा महिने तयारी केलेलं माणूस जीपच्या प्रवासानं दमेल, दोन रात्री झोपेल आणि ताजंतवानं होईल. मला काळजी आहे ती दिवस कमी पडल्यावर ते कुठून कापले जातात याची. ते कापले जातात वाटेवरच्या नामचे आणि डिंगबोचे या मुक्कामांच्या विश्रांतीतून. त्या दिवशी मुक्काम पुढे सरकत नाही, म्हणून तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. "पाय ठीक आहेत, चला पुढे" असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. नामचे ३,४४० मीटरवर आहे, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९००च्या वर. तीन हजारांच्या पुढे झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथंच करावा, हा नियम डॉक्टर मंडळी सांगतात. त्या विश्रांतीच्या दिवशी शरीर विरळ हवेशी जुळवून घेत असतं. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. लुक्लाची धावपट्टीच त्याच्यापेक्षा बाराशे मीटर उंच आहे. सह्याद्रीनं तुमचे पाय आणि दम तयार केलाय. उंचीची सवय मात्र तिकडेच, तिकडच्या वेगानंच होते, तिथं फिटनेसचा वशिला चालत नाही.

आता मैत्रिणीचा मुद्दा. मुक्तिनाथमुळे सवय होईल, हे तिचं म्हणणं वेडगळ नाही. उंचावर राहून आलेल्याला पुढे थोडा फायदा होतो, हे खरं. पण तो राहण्याचा फायदा आहे. मुक्तिनाथ साधारण ३,७०० मीटरवर आहे, पोखरा आठशेच्या आसपास. यात्रेकरू बहुधा जोमसोमला किंवा कागबेनीला, म्हणजे २,७००-२,८०० मीटरवर झोपतात, सकाळी जीपनं वर जाऊन दर्शन घेतात, आणि दुपारी खाली. दोन-तीन तास वर काढले म्हणून शरीर काही नवं शिकत नाही. उलट एवढी उंची जीपमध्ये बसून गाठल्यामुळे डोकं धरतं, मळमळतं. मुक्तिनाथच्या यात्रेत हे नेहमी दिसतं. नंतर पुन्हा पोखरा, काठमांडू, आणि चितवन जमवलं तर अगदी तराईत, म्हणजे सखल मैदानात. जी काही थोडी सवय झाली असेल ती खाली राहून उतरणीला लागते. शिवाय एकशेआठ मुक्तिधारांखालून आणि दोन कुंडांतून जाण्याचा मोह कुणाला होत नाही? नोव्हेंबरात ते पाणी बर्फासारखं असतं. ट्रेकच्या तोंडावर सर्दी-खोकला ओढवून घेणं परवडणारं नाही, कारण खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातल्या, कोरड्या, धुळीच्या हवेत साधा खोकलाही दिवसेंदिवस हटत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती तुमच्या दोघींच्याही नजरेतून सुटली असावी. जोमसोमचं विमानही हवामानाच्या मर्जीवर आहे. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे असा वारा सुटतो की उड्डाणं फक्त सकाळची. म्हणजे एका सहलीत लहरी विमानं दोन, आणि पहिल्याची खोटी थेट दुसऱ्यावर जाते.

म्हणून क्रम उलटा करा, एवढाच माझा सल्ला. आधी ट्रेक, मग पोखरा-मुक्तिनाथ. यात तुमची सोय आहेच, पण गंमत म्हणजे मैत्रिणीचा फायदा त्याहून जास्त आहे. लोबुचेला आणि बेस कॅम्पच्या अलीकडच्या गोरकशेपला झोपून आलेल्या माणसाला मुक्तिनाथची उंची जाणवणारही नाही. डोकं न दुखता दर्शन, धारांखाली आरामात स्नान, आणि पडसं झालंच तर पुढे फक्त घर आहे. काली गंडकीच्या पात्रातला शाळिग्राम शोधायला वाकताना गुडघे कुरकुरतील, ते चालतं. सगळ्यात महत्त्वाचं, सहलीचे दिवस ट्रेकनंतर ठेवले की तेच तुमचा राखीव साठा होतात. लुक्लाला दोन दिवस अडकलात, तर चितवन गळेल, फार तर मुक्तिनाथऐवजी नुसतं पोखराच्या फेवा तलावात बोट. ट्रेकला धक्का लागणार नाही. हेच दिवस आधी ठेवले तर ते खर्च होऊन गेलेले असतात, उशीर झाला तर मागून आणता येत नाहीत.

इथपर्यंतचं कुठलाही चांगला टूरवाला तुम्हाला सांगेल. पण तुम्ही मला जे विचारलंत ते वेगळं होतं. गप्प बसावं का, असं विचारलंत.

गप्प बसू नका. आणि याचं कारण मैत्रीपेक्षा जास्त डोंगरात आहे. उंचीचा त्रास सुरू होतो तो अगदी साध्या गोष्टींनी : डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप न येणं, उगीच चिडचिड. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसेलच असं नाही. ज्याला होतोय त्यानं सांगावा लागतो. आणि माणसं तो लपवतात. इतके पैसे घातलेत, हिचा ट्रेक माझ्यामुळे बुडेल, ही काय म्हणेल, सकाळी बरं वाटेल, अशा कारणांनी लपवतात. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. सहा दिवसांची एक सहल नको आहे, घरी खुर्चीत बसून फोनवर सांगायचंय, पोटभर हवा आहे. तरीही 'ती दुखावेल' म्हणून शब्द फुटत नाही. मग लोबुचेत रात्री अकरा वाजता, थंडीनं कुडकुडत, "माझं डोकं फुटतंय, मला उद्या वर जायचं नाही" हे तुम्ही तिला कसं सांगणार आहात? नकार द्यायची सवय खालीच व्हायला हवी. पोखराचा विषय त्यासाठी उत्तम आहे, कारण तो चुकला तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही.

हेच तिलाही लागू आहे. तुम्ही मनात धुसफुसत, ओढून नेल्यासारख्या तिच्याबरोबर सहा दिवस हिंडलात, तर ते तिला कळणारच. वसतिगृहातली मैत्रीण आहे ती. मग तिला चक्कर आली तर ती तुम्हाला सांगेल का? वर एकमेकींवर लक्ष ठेवायला तुम्ही दोघीच आहात. बोलणं अडखळतंय, पाय सरळ रेषेत पडत नाहीत, बसल्या जागी धाप लागतेय, हे सगळ्यात आधी ओळखेल ती तुम्हाला तीस वर्षं ओळखणारी बाई. गाइड अनुभवी असतो, पण तुम्ही एरवी कशा बोलता हे त्याला ठाऊक नसतं.

आणि एक गोष्ट जरा उलटून बघा. तिला सहल आधीच का हवी आहे? तुम्ही गृहीत धरलंय की तिला ट्रेकचं गांभीर्य नाही. असेलही. पण मला पत्रातून एक वेगळा वास येतोय. पूर्ण तयारीचं वर्णन तुमचं आहे. तिच्या तयारीबद्दल एक अक्षर नाही. कदाचित बेस कॅम्प आपल्याला झेपणार नाही असं तिला आतून वाटत असेल. नामचेहून परतावं लागलं तर निदान मुक्तिनाथ तरी पदरात पडलेलं असावं, असा साधा हिशेब असेल. तसं असेल तर तुम्ही दिलेलं प्रत्येक वैद्यकीय कारण तिला अजून घाबरवेल. तेव्हा गणित नंतर. आधी विचारा, "तुला ट्रेकची भीती वाटतेय का गं? मला वाटतेय." तुम्हालाही वाटतेच आहे, पानापानावर दिसतंय.

जुनी मैत्री म्हणजे सोबत प्रवास जमणारच, हे गृहीतकही तपासून बघा. एका खोलीत राहिलात त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आता एकीला पहाटे उठून चालायचं असतं, दुसरीला रात्री उशिरापर्यंत फोनवर मुलांशी बोलायचं असतं. एक घोरते, एकीला खिडकी उघडी लागते. नेपाळला जायच्या आधी दोन रात्रींचा एखादा ट्रेक एकत्र करा. रतनगड-हरिश्चंद्रगड करा, किंवा भीमाशंकरला पायथ्याच्या गावात मुक्काम करून चढा. पाठीवर खरं वजन, पायात तेच बूट जे तिकडे न्यायचेत. तिच्या चालण्याचा वेग तुम्हाला कळेल, तुमचा तिला. कोण भुकेनं चिडतं तेही कळेल.

पैशाचं स्पष्ट बोला. भाडं ती भरते म्हणाली यात तिचं प्रेमच आहे, पण दुसऱ्याच्या पैशानं गेलेल्याला 'आज नको' म्हणणं जड जातं. रोजच्या खर्चासाठी दोघींनी सारखी रक्कम घालून एक सामाईक पाकीट करा, आणि तिची हौस असेल ती तिच्या खात्यावर. एका खर्चात मात्र काटकसर नको : एक गाइड आणि शिवाय निदान एक पोर्टर असा माणूस हवा जो गरज पडली तर एकीला घेऊन खाली येऊ शकेल. दोघींमागे एकच माणूस असेल तर एकीचा आजार म्हणजे दोघींचं परतणं, आणि मग लपवालपवी आलीच. एकटीनं कुणीही उतरायचं नाही, आणि त्रास होत असताना कुणीही वर जायचं नाही, हे काठमांडूतच गाइडच्या समोर ठरवून टाका. दुसरीनं थांबायचं की पुढे जायचं, तेही. माझं मत विचाराल तर, आजार साधा असेल आणि खाली नेणारं माणूस भरवशाचं असेल तर दुसरीनं पुढे जावं, आणि त्याबद्दल परतल्यावर कुणी कुणाला टोमणा मारू नये. तुमचं दोघींचं उलट ठरलं तरी हरकत नाही. ठरलेलं असावं.

मग ट्रेकच्या आधी काहीच बघायचं नाही का? बघा की. काठमांडूत तीन दिवस ठेवा, त्यात हवापालट होतो आणि हरवलेलं सामान यायलाही वेळ मिळतो. पाटणचा दरबार चौक, भक्तपूर, बौद्धनाथची संध्याकाळची प्रदक्षिणा, पशुपतिनाथ. ही चालत, रमतगमत बघायची ठिकाणं आहेत. एक दिवस शिवपुरीला चढा. २,७३२ मीटरचा डोंगर शहराला लागूनच आहे, वाटेत बागद्वार लागतं, तिथून बागमती निघते. नवे मोजे आणि सॅकचे पट्टे कुठे काचतात ते तिथं समजलं की काठमांडूतल्या ठमेल बाजारातल्या दुकानात बदलून घेता येतं. खाण्याच्या बाबतीत मात्र कडक राहा. रस्त्यावरची पाणीपुरी परतल्यावर. जून २०२२ मध्ये कॉलराचे रुग्ण आढळल्यावर ललितपूर महानगरपालिकेनं पाणीपुरीची विक्रीच थांबवली होती. बिघडलेलं पोट घेऊन लुक्लाला उतरणाऱ्यांची संख्या, मला वाटतं, थकून उतरणाऱ्यांपेक्षा जास्त असावी.

कागदपत्रांचं पटकन सांगते. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं, तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. ट्रेक ज्यातून जातो त्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, ती मागून घ्या. प्रवास विमा काढताना 'सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक' आणि 'हेलिकॉप्टरनं खाली आणणं' हे दोन्ही लेखी आहे का ते बघा. नेहमीच्या पॉलिसीत हे बऱ्याचदा वगळलेलं असतं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मैत्रिणीच्या डबीतली झोपेची गोळी वर गेल्यावर अजिबात नको. आणि डिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी शेजारच्या फेरिचेत जाऊन या. तिथं हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, मोसमात डॉक्टर दुपारी उंचीच्या आजाराबद्दल समजावून सांगतात. दोघींनी एकत्र बसून ऐका.

अशीच कोंडी असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. आफ्रिकेतल्या किलिमांजारोला जाणाऱ्यांची पत्रं मला येतात, तिथं भांडण झांझिबार बेटावरून असतं. उत्तर तेच, समुद्र नंतर. पण किलिमांजारोच्या आधी शेजारचा ४,५६६ मीटरचा माउंट मेरू चढायचा असेल, तर तो बेत चांगला, कारण तिथं तुम्ही पायी जाता आणि रात्री उंचावर झोपता. आधीची सहल वाईट असा काही नियम नाही. ती ट्रेकला काय देते आणि ट्रेककडून काय घेते, ते दिवस आणि मीटर यांत लिहून काढा. कागदावर बहुतेक वाद आपोआप मिटतात. नवरा-बायको असाल तर कागद दोघांनी वेगवेगळा लिहा.

आणि तुमची मैत्रीण क्रम बदलायला तयार नसेल तर? मुक्तिनाथ आधीच करायचं, असा तिचा नवस-बिवस असेल, तर तिला जाऊ द्या. पोखराहून मुक्तिनाथला नेणाऱ्या जीपा आणि यात्रा कंपन्या पुष्कळ आहेत, मराठी मंडळीही असतात. तिनं चार दिवस आधी निघावं, तुम्ही नंतर, आणि लुक्लाच्या आधी निदान दोन रात्री दोघींनी काठमांडूत एकत्र काढाव्यात, एवढीच अट घाला. नेपाळला जायचं तर घरापासून घरापर्यंत हातात हात घालूनच, असं कुठे ठरलंय?

तिला थोडं वाईट वाटेल. तुम्हालाही वाटेल. जोमसोमची तिकिटं अजून काढलेली नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा या शनिवारीच फोन करा. ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, थेट तिला. तिचं म्हणणं आधी पूर्ण ऐका, मग तुमचं सांगा, आणि लुक्लाची तारीख पक्की झाल्याशिवाय फोन ठेवू नका.